चोवीस तासांचा डबा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मेडिकलची मुलं तीनपैकी एक गोष्ट करत. ज्यांचं गाव होतं ती गावाला जात, ज्यांना गाव नव्हतं ती मामाकडे जात, आणि ज्यांचे विषय राहिलेले असत ती हॉस्टेलच्या गच्चीवर ओली चादर पांघरून पुस्तकासमोर झोपत. एकोणीसशे ब्याऐंशीच्या मे महिन्यात शामला मेश्राम या तिन्हींत बसेना. तिचं घर नागपूरला लागून कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत होतं, मामा त्याच कॉलनीत दोन ओळी सोडून राहत होता, आणि विषय एकही राहिला नव्हता. म्हणून तिनं चौथी गोष्ट केली. ती संशोधनाला लागली.

दिल्लीहून विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची योजना आली होती. तिचा कागद मार्चपासून नोटीस बोर्डावर होता, पण त्याच्यावर क्रिकेटच्या टीमची यादी डकवलेली असल्यामुळे तो फक्त दोघांनी वाचला. शामलानं वाचला कारण ती यादीखालचंही वाचणारी होती. तिच्याच वर्गातल्या गिरिधर पाठकनं वाचला कारण तो बोर्डाखाली कोणाची तरी वाट पाहत उभा होता आणि ती कोणी आलीच नाही.

योजना अशी की एक प्रश्न निवडायचा, एक प्राध्यापक गाठायचा, मे आणि जून काम करायचं आणि तीस जूनच्या आत अहवाल दिल्लीला धाडायचा. अहवाल पसंत पडला तर प्रमाणपत्र. नाही पडला तर छापील पोस्टकार्ड. आदल्या वर्षी या कॉलेजातून दोन अहवाल गेले होते आणि दोन पोस्टकार्डं आली होती. फिजिऑलॉजीचे डॉक्टर गोपाळराव बक्षी यांनी ती दोन्ही आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, लग्नपत्रिका ठेवावी तशी.

"तिसऱ्याला जागा आहे," ते शामलाला म्हणाले. उन्हाळाभर सर डोक्यावर ओला पंचा ठेवून बसत, आणि पंच्याखालून बोललेलं काही थट्टेनं घ्यायचं की नाही हे कळायला मार्ग नसे. "विषय काय म्हणालात?"

"लघवी, सर."

"उत्तम. स्पर्धा नाही."

विषय तिला वॉर्डात सुचला होता. एप्रिलपासूनच मूतखड्याच्या कळांनी वाकडे झालेले लोक येऊन पडत होते, आणि त्यातले चार जण "अवं शामे, तू इथं काय करून रायली?" असं कण्हता कण्हता विचारणारे निघाले. सगळे वीजकेंद्रातले. कोणी बॉयलरपाशी, कोणी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. ही माणसं दिवसभर घाम गाळतात, मग पाणी पितात किती आणि त्यातलं मूत्रपिंडाच्या वाट्याला येतं किती? वीस माणसं घ्यायची. प्रत्येकाला फिरकीच्या झाकणाचा पाच लिटरचा पांढरा डबा. चोवीस तासांची लघवी त्या डब्यात, आणि प्यालेल्या प्रत्येक पेल्यामागे कार्डावर एक रेघ. मग पंधरा दिवस तासाला एक पेला पाणी पाजायचं आणि पुन्हा चोवीस तासांचा डबा. फरक पडला तर अहवाल झाला.

गिरिधरनंही नाव दिलं होतं. चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर माणूस पडती पट्टी किती चपळाईनं पकडतो, हा त्याचा विषय होता. त्याचं संशोधन कँटीनमध्ये चाले आणि तिथून सहसा हलत नसे.

शामलाचे वडील देवराव कोळशाच्या पट्ट्यावर हेल्पर होते. छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी आयुष्यात दोनच गोष्टींची बढाई मारली. एक म्हणजे त्या दिवशी आपण मैदानावर पहिल्या काही रांगांत होतो, आणि दुसरी आता, ब्याऐंशी साली, "माही पोरगी रिसर्च करून रायली." रिसर्च म्हणजे काय हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांच्या एका शब्दावर संध्याकाळी घरासमोरच्या, म्हणजे क्वार्टर नंबर एकोणीससमोरच्या निंबाखाली वीस माणसं जमली, आणि वीस माणसांच्या मागे त्यांच्या बायका.

शामलानं डबा कसा वापरायचा ते सांगितलं.

"म्हंजे चोवीस घंटे हा डबा घेऊन हिंडाचं?" शालिकरामनं विचारलं. हा बॉयलरवरचा, एकवीस नंबरचा. बाकी वर्षभर शहाणा माणूस. फक्त आंब्याच्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नसे.

"हो काका. कामावर जातानाबी सोबत."

"अन् गेटवरच्या शिपायाले काय सांगू?"

"सरकारी काम हाय म्हणून सांगा."

"ते तं मी रोजच सांगतो. तो मानत नाही ना."

सगळे हसले. हसणं थांबल्यावर वीस नंबरच्या बायजाबाईनं तोंड उघडलं. बायजाबाई म्हणजे पट्ट्यावरच्या रामाजी मुकादमाची बायको. पट्ट्यावर रामाजीचं चाले आणि रामाजीवर बायजाबाईचं, त्यामुळे कॉलनीचा खरा मुकादम कोण हे वेगळं सांगायला नको. नळ कधी येणार, कोणाची सून कधी जाणार, कोणाच्या घरी काल वांग्याचं भरीत झालं, हे सगळं तिच्यापाशी पक्कं असे. एका हातात पाण्याचा लोटा घेऊन ती बोलत होती आणि मधूनमधून पीत होती.

"अन् बायांचं?"

"बायांचं नाही, मावशी. फक्त कामावरचे माणसं."

"हे बरं हाय! आमाले जसा घामच येत नाही. चुलीपाशी कोन बसते वं, तुहा सर?"

शामलानं वहीत 'बाया?' असं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पान उलटलं.

पहिल्या फेरीचे डबे मेच्या मध्यावर आले. शामला सकाळी सहालाच ओट्यावर काचेचं उभं मापपात्र घेऊन बसली. एकेक डबा उघडायचा, ओतायचा, आकडा लिहायचा, तपासणीपुरती एक लहान बाटली भरून घ्यायची आणि बाकीचं टाकून डबा धुवायचा. रंग कडक चहाचा. कोणाचे सहाशे मिलिलिटर, कोणाचे पाचशे. रामाजीचा डबा बायजाबाईनं स्वतः आणला आणि शेजारी उभी राहिली.

"किती आले?"

"तीनशे ऐंशी."

"कितीपैकी?"

शामलाच्या डोळ्यांपुढे रामाजीची मूत्रपिंडं होती, आणि ती सुकलेल्या शेंगांसारखी दिसत होती. तिचा चेहरा उतरला. "दीड हजार तरी पाहिजे, मावशी. त्याच्या खालचे सारे नापासच समजा."

बोलून गेली आणि पुढचा डबा उघडला. आपण काय बोललो हे तिला पुढे तीन आठवडे कळलं नाही. बायजाबाईला मात्र सगळं कळलं. तिच्या पोटी तीन मॅट्रिक नापास होते. नापास या शब्दाला काय अर्थ असतो, तो घरात आल्यावर जेवताना कशी कोणी मान वर करत नाही, हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. आणि देवरावची पोर, ओळीतून मेडिकलला गेलेली एकुलती एक, ती रामाजीच्या तीनशे ऐंशीपायी नापास होणार?

तिकडे बक्षी सर मात्र आकडे पाहून खूश झाले. म्हणजे पंचा किंचित मागे सरकवला. "वाईट आहेत," ते म्हणाले. "छान."

मग पंधरा दिवस पाणी. कॉलनीत बायजाबाईनं हे काम अंगावर घेतलं. घरी असलेल्या प्रत्येक पुरुषाला तासाला एक पेला, आणि नाही म्हणणाऱ्याला दोन. कामावर जाणाऱ्यांच्या सायकलींना पाण्याच्या बाटल्या लटकू लागल्या. लोक पीत होते, कुरकुरत होते, कार्डावर रेघा मारत होते. शामला रोज फिरून कार्डं पाहायची. सगळं नेमानं चाललं होतं, इतक्या नेमानं की हुशार माणसाला संशय यावा. पण शामला त्या दिवसांत खुशीत होती, आणि खुशीतला माणूस तेवढ्यापुरता हुशार नसतो.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी ती ओट्यावर आली तर वीस डबे आधीच ओळीनं मांडून ठेवलेले. राखेनं घासून लख्ख. आणि प्रत्येक डबा जड. सगळ्यांत कमी होते तीन लिटर दोनशे. रामाजीचा डबा उचलायला तिला दोन्ही हात लागले. चार लिटर साडेसातशे. मागं अर्धी कॉलनी श्वास रोखून उभी.

"पास?" देवरावांनी विचारलं. आवाज एवढासा.

"बाबा, फर्स्ट क्लास!"

निंबाखाली एकच गलका झाला. बायजाबाईनं घरातून गुळाची ढेप आणून सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला, स्वतः दोन खाल्ले आणि वर लोटाभर पाणी प्याली.

वीस बाटल्या सोड्याच्या लाकडी खोक्यात उभ्या करून शामला बसनं निघाली. सीताबर्डीला उतरताना एक म्हातारबा खोका धरू लागले आणि आत डोकावून म्हणाले, "सरबत हाय का वं पोरी? एखांदी थंडी असन तं दे ना." शामला म्हणाली, "नाही जी, सारी गरमच हाय."

प्रयोगशाळेत गोविंदा होता. बावीस वर्षं तो त्या खोलीत परीक्षानळ्या धूत, तापवत आणि फोडत आला होता, आणि बाटली हलवून रोग सांगतो अशी त्याची ख्याती त्यानं स्वतःच पसरवली होती. लघवीत साखर आहे का पाहायचं असलं तर निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. रंग हिरव्या-पिवळ्यावरून विटकरीवर गेला तर भरपूर आहे. पहिल्या फेरीत वीसच्या वीस नळ्या निळ्या राहिल्या होत्या. गोविंदा या वेळीही बिडी कानावर ठेवून निर्धास्त तापवत होता.

"मॅडम," तो थोड्या वेळानं म्हणाला, "इकडे या जरा."

सहा नळ्या विटकरी झाल्या होत्या. रामाजी, शालिकराम, आणखी तिघे. आणि देवराव मेश्राम.

सरांनी सहा नळ्या पाहिल्या, मग कार्डं पाहिली, मग पंचा काढून टेबलावर ठेवला. तो काढलेला शामला पहिल्यांदाच पाहत होती.

"हे रामाजी. कार्डाप्रमाणे चार लिटर प्याले. पंचेचाळीस डिग्रीत कोळशाच्या पट्ट्यावर आठ तास घाम गाळला. आणि डब्यात दिले पावणेपाच लिटर. यांना पेंचच्या धरणावर नेमायला हवं."

शामलानं कार्ड उलटून पाहिलं.

"शिवाय सहा धडधाकट माणसं पंधरा दिवसांत मधुमेही झाली. पाणी पिऊन. हे खरं असेल तर मिस मेश्राम, प्रमाणपत्र राहू द्या, तुमचा पुतळा उभारतील. खोटं असेल तर डबे काहीतरी लपवताहेत. शोधा. आणि तोवर त्या सहाही जणांना साखर, गूळ, भात, आंबा बंद. रोग आहे की नाही ते पक्कं होईपर्यंत ते रोगीच."

कँटीनमध्ये गिरिधरनं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टी खाली ठेवली.

"तुझ्या प्रश्नात साखर आहे?"

"नाही."

"मग अहवालात कशाला? तो रकानाच काढून टाक. पाणी पाजलं, लघवी वाढली, मूतखडा टळला. दिल्लीवाले टाळ्या वाजवतील. कोराडीला कोण येतंय डबे मोजायला?"

"अन् पावणेपाच लिटर?"

"ते चार कर. तिसरं पोस्टकार्ड हवंय का काचेखाली?"

शामलानं त्याला उडवून लावलं नाही. घरी येऊन तिनं दोन रात्री बसून अहवाल लिहिला, साखरेच्या रकान्याशिवाय. रामाजीचे चार लिटरच केले. मग तो तक्ता हातभर लांब धरून पाहिला. सुरेख दिसत होता. दिल्लीतल्या कोणालाही आवडला असता. तो तिनं वहीत घालून ठेवला; फाडलाही नाही, पाकिटातही घातला नाही.

सहा जणांना पथ्य सांगायचं काम तिलाच होतं. ती आधी शालिकरामकडे गेली.

"काका, डब्यात फक्त तुमचीच होती ना?"

"म्हंजे काय! सारी माही." शालिकराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून बोलत होता.

"मंग तुमाले साखरेचा आजार हाय. आजपासून आंबा बंद."

शालिकरामच्या घशातून एक आवाज आला. कॉटन मार्केटातून आणलेली पेटी पलंगाखाली पिकत होती. तिचा वास खोलीभर होता. "किती दिवस?"

"जन्मभर."

तो भिंतीला टेकला. पण शब्द फिरवला नाही. पाचही जण असेच. कॅलेंडर, छत, पायाचा अंगठा, जिथं मिळेल तिथं पाहत आणि म्हणत, "माहीच हाय." शेवटी शामला घरी आली. देवराव खाटेवर बसले होते.

"बाबा, तुमीतरी खरं सांगा."

बापानं वीस वर्षांत तिला खोटं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. देवरावांनी मान खाली घातली. "माहीच हाय, बेटा."

तिनं वहीत कॉलनीची ओळ काढली. चौकोन आणि त्यात नंबर. विटकरी निघालेल्या घरांवर फुल्या मारल्या. सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. एका रांगेत, मध्ये एकही घर न सोडता. साखरेचा आजार क्वार्टरच्या नंबरानं जातो असं तिच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

त्या रविवारी बायजाबाईची मुलगी गोपिका आणि जावई उमरेडहून आले. जावई आला म्हणजे रस आला. उन्हाळ्यात विदर्भात कोणाला जेवायला बोलवायचं तर "रसाले या" एवढंच म्हणतात, बाकी काय असेल ते असो. बायजाबाईनं सगळ्या ओळीला बोलावलं, त्यात सहाही रोगी. शामला पहारा करायला आधीच जाऊन बसली.

पंगत बसली. मातीच्या मोठ्या गुंडात रस होता, वर तुपाची धार. सहा जणांपुढे शामलानं स्वतः ज्वारीची भाकर आणि वरण वाढलं. जावयाच्या वाटीत बायजाबाई तिसऱ्यांदा रस ओतत होती आणि स्वतःची दुसरी वाटी तिनं उभ्याउभ्याच संपवली होती. शालिकरामच्या शेजारीच जावई. रस पिताना तो मिशीवरून जीभ फिरवायचा.

"शामे," बायजाबाई म्हणाली, "आजचा दिवस खाऊ दे वं त्याइले. उद्यापासून सोडतीन."

"नाही मावशी. रोग आजचा, पथ्य उद्याचं, असं नसते."

जावयानं चौथी वाटी पुढे केली. शालिकरामनं हातातली भाकर ताटात टाकली.

"माही नव्हती वं!" तो ओरडला. "डब्यातली अर्धी तं माही नव्हतीच! आईची आन, मले काही रोग नाही! आन तो रस इकडे!"

पंगत गार पडली. रामाजीनं कपाळावर हात मारला. देवराव ताटात इतके वाकले की नाक वरणाला लागायचं बाकी राहिलं.

"मंग कोनाची होती?" शामलानं विचारलं.

रसाच्या गुंडापाशी उभी असलेली बायजाबाई पदर खोचून पुढे आली. पकडली गेली आहे असं तिच्या तोंडावर काही नव्हतं.

"माही होती. काहून?"

"मावशी!"

"मावशी काय? तूच तं म्हणली व्हती, दीड हजाराच्या खाली सारे नापास. दुपार झाली तरी रामाजीचा डबा अर्धाबी नाही. म्हटलं पोरगी नापास होते. मंग घरच्या पोराइले म्हटलं, जा रे, तुमीबी जा डब्यात. साऱ्या कॉलनीनं हेच केलं, एकट्या माह्या घरची गोष्ट नाही. अन् मले तं घंट्याघंट्याले लागते. इतली माही वाया जाऊन रायली, अन् शेजारी शालिकरामची बायको रिकामा डबा पाहून रडून रायली. मंग तिच्या डब्यात टाकली. मंग सतरावाल्याच्या. मंग तुह्या बापाच्या. तो नाहीच म्हणत व्हता. म्हटलं, देवराव, पोरीच्या जलमाचा सवाल हाय, बाजूले व्हा."

देवराव ताटातूनच म्हणाले, "मले वाटलं, तुले सांगतलं तं तुहा रिझल्ट जाईन."

शामलाला आधी संताप आला. चाळीस आकड्यांतले वीस गेले, पंधरा दिवस गेले, फर्स्ट क्लास गेला. मग, का कोण जाणे, हसू फुटलं. वाटीवाटीनं विरजण वाटावं तशी ही बाई घरोघरी... तिला हसू आवरेना. पंगतही हसायला लागली. हसता हसता बायजाबाईनं लोटा उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

शामलाचं हसू थांबलं. ती आल्यापासूनचा तो चौथा लोटा होता. लोटा वर गेला तेव्हा बायजाबाईच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपराशी जाऊन थांबल्या. याच बांगड्या गेल्या दिवाळीत साबण लावूनही निघत नव्हत्या. शामलाच्याच समोर कासारणीनं दोन फोडल्या होत्या.

"मावशी, बांगड्या कधीपासून ढिल्या झाल्या?"

"संक्रांतीपासून. अंग उतरलं जरा. बरंच झालं नाही का? रामाजी म्हणते, दिसतेबी बरी."

"रात्री किती वेळा उठता?"

"पाच-सहा वेळा. उन्हाळाच तसा हाय, माय."

बायजाबाईनं बोलता बोलता स्वतःसाठी तिसरी वाटी भरून घेतली होती. शामला उठून तिच्यापाशी गेली.

"ती वाटी खाली ठेवा, मावशी."

"काहून? मले थोडीच डबा देला व्हता तू."

"सहाही डबे तुमचेच होते."

हे कळायला बायजाबाईला थोडा वेळ लागला. तिनं पंगतीकडे पाहिलं. एकेक तोंड पाहत शेवटी शालिकरामवर थांबली.

"म्हंजे या सहा जणाइले काहीच नाही?"

"काही नाही."

"सारा रोग माह्या एकटीचा?"

शामलानं मान हलवली.

बायजाबाईनं वाटी नेऊन शालिकरामच्या ताटात ठेवली. "घे, खा रे बाप्पा. चार दिवस झाले, तुह्या तोंडाकडे पाहवत नव्हतं." मग ती उंबऱ्यापाशी बसली आणि हळूच म्हणाली, "मरत तं नाही ना वं मी?"

"नाही मावशी. गोळ्या घ्या, पथ्य करा. चांगल्या जगाल."

"अन् आंबा?"

"नाही."

"मंग मेलीच म्हणा की."

दोन दिवसांनी देवरावांनी आणि रामाजीनं तिला बसनं मेडिकलला आणलं. रक्त तपासलं, साखर होती, चांगली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने अशीच पाणी पीत राहिली असती तर बेशुद्ध पडूनच आली असती. त्या रात्री शामलानं वहीतला सुरेख तक्ता काढला आणि फाडला. रामाजीचे चार लिटर परत पावणेपाच झाले.

दुसरी फेरी पुन्हा करायला वेळ नव्हता. मिरग लागत होता. हवा बदलली की उन्हाळ्याच्या आकड्यांशी तुलना कशाची? शिवाय वीसातले सात जण पेरणीच्या रजेवर गावाला गेले होते. अहवाल अर्धाच होता आणि तो तिनं अर्धा म्हणूनच लिहिला. पहिल्या फेरीचे वीस आकडे खरे; दुसऱ्या फेरीचे वीस मोजता आले पण धरता येत नाहीत; आणि का धरता येत नाहीत त्याचा वेगळा तक्ता. त्यासाठी ती वीसही घरी पुन्हा फिरली. आता कोणी लपवत नव्हतं. उलट "लिहा, माह्या सासूचंबी लिहा" म्हणून मागून हाका येत होत्या. दोष कोणाचा, या सदराखाली तिनं स्वतःचं नाव घातलं. दीड हजाराच्या खाली नापास, हे आपणच बोललो असं लिहिलं.

बक्षी सरांनी तो पंख्याखाली बसून दोनदा वाचला.

"मिस मेश्राम, 'डबा भरण्यास हातभार लावणारे' असा रकाना फिजिऑलॉजीत आजवर कोणी केलेला नाही."

"काढू, सर?"

"खबरदार." त्यांनी सही केली. मग टेबलाची काच थोडी उचलून दोन्ही पोस्टकार्डं डावीकडे सरकवली, तिसऱ्याला जागा होईल अशी. 

सप्टेंबरच्या शेवटी दिल्लीहून टपाल आलं. पोस्टकार्ड नव्हतं, पाकीट होतं. आत प्रमाणपत्र आणि परीक्षकांचं एका ओळीचं पत्र: आपण आपली चूक कशी पकडली ते वाचून समाधान वाटलं, मात्र या पाहणीत स्त्रियांना का वगळलं होतं, हे कळलं नाही.

गिरिधरचं पोस्टकार्ड त्याच टपालानं आलं. सरांनी ते आनंदानं काचेखाली घेतलं.

देवरावांनी प्रमाणपत्राला फ्रेम करून ते बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं आणि खिळा सरळ बसला की नाही ते अकरा वेळा पाहिलं. कॉलनी बघायला आली. शामलानं अहवालात काय लिहिलं होतं ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं: डबे भरल्यामुळे अहवाल जवळजवळ बुडाला होता, जे खरं होतं तेच लिहिलं म्हणून तरला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाहा," बायजाबाई बाकीच्यांना म्हणाली, "मी सांगतलं नव्हतं? डबे भरले, पोरगी पास झाली."

"मावशी, तसं नाही..."

"राहू दे वं. मोठेपणा नको करू. आमी काही मागून नाही रायलो." तिच्या बांगड्या परत मनगटाशी आल्या होत्या, जेमतेम. कमरेची पिशवी सोडून तिनं दर आठवड्याला तपासणीला द्यायची लहान बाटली काढली आणि शामलाच्या हातात दिली. "घे, या आठवड्याची. सारी माही एकटीची हाय. कोनाचा एक थेंब मिसळला नाही."

शामलानं बाटली उजेडाकडे धरली.

"अन् ते दिल्लीवाले बायांचं काय म्हणत व्हते?"

"तुमीच म्हणल्या होत्या तेच. बायांना काहून नाही घेतलं म्हणून."

बायजाबाई उंबऱ्यावर थांबली. मागं वळून तिनं ओट्यावर उपड्या घातलेल्या वीस पांढऱ्या डब्यांकडे एकवार पाहिलं.

"मंग येत्या उन्हाळ्यात आण आमचे डबे," ती म्हणाली. "पण हे पाच लिटरवाले नको आणू. लहान पडतात."